पितळेचा जोड

चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. एवढंच झालं. शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, वर्षातून चारदा होतं. पायाची लय चुकते, चाक पुढे जायचं ते मागे येतं, सुईखाली गुंता होतो. बाई शिवी घालते, दोरा ओवते, पुन्हा सुरू करते. उज्वलाने शिवी घातली नाही. तिने कापडावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि खाली पाहिलं. ओतीव लोखंडाच्या जाळीदार पायडलावर तिची दोन पावलं शेजारी शेजारी होती. डावं वर यायला निघालं होतं. उजवं तसंच बसून होतं, हाक ऐकूनही न उठणाऱ्या माणसासारखं. तिने त्याला मनातल्या मनात सांगितलं, ऊठ. टाच राहू दे, पुढचा भाग उचल. सत्तेचाळीस वर्षांत पायाला असं काही सांगावं लागलं नव्हतं. पाय काय सांगून हलतो? पाऊल थोडं हललं आणि पुन्हा पडलं. सुईखाली मुलीचं, अंकिताचं मोरपंखी ब्लाउज अडकलं होतं, एका बाहीचं. उद्या जाम गावचे पाहुणे तिला बघायला येणार होते.

"काय झालं वो?" आतल्या खोलीतून ओमप्रकाशने विचारलं.

"पायडल खराब झालं," ती म्हणाली.

किती पटकन म्हणाली. विचार केला नाही, घसा खाकरला नाही. वाक्य तोंडात तयारच होतं, अठ्ठावीस वर्षं. नवऱ्याने लगेच मशीन दुरुस्त करणाऱ्या बंडूजींना फोन लावला, कारण ओमप्रकाश चांगला माणूस होता. मशीन म्हटलं की मशीन, पायडल म्हटलं की पायडल. त्याला जे सांगितलं ते त्याने आयुष्यभर खरं मानलं आणि त्यामुळे त्याला कधीच कोणी खरं सांगितलं नाही. उज्वलाला त्याची दया यायची, आणि दयेच्या खाली राग यायचा. इतकी वर्षं बाजूला झोपणाऱ्या माणसाला बायकोचं पाऊल फरशीवर कसं पडतं हे ऐकू येऊ नये? पिपरी मेघेतल्या या दोन खोल्यांच्या घरात, जिथं शेजारचा कुकर आपल्याच घरात शिट्टी देतो असं वाटतं, तिथं हे एकच ऐकू येऊ नये?

तिला स्वतःला सहा महिन्यांपासून ऐकू येत होतं. आधी टाच, मग पुढचा भाग पडायचा, ओलं फडकं आपटावं तसा. सुरुवात चपलेपासून झाली. वर्ध्याच्या भाजीबाजारात तिने वांगी घेतली, कोथिंबीर घेतली, ऑटोपाशी आली, तर ऑटोवाला म्हणाला, बाई, एक चप्पल कुठं सोडून आल्या? तिने खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. मागे वळून पाहिलं तर चाळीस पावलांवर, मिरच्यांच्या ढिगाजवळ, चप्पल पडलेली. चाळीस पावलं ती एका पायाने अनवाणी चालली होती, उन्हात तापलेल्या डांबरावर, आणि पायाने तिला काही कळवलं नव्हतं. लोक हसले. तीही हसली. पण हे तिने आधी पाहिलेलं होतं. चप्पल मागे ठेवून चालणारी बाई तिने तिच्या लहानपणी रोज पाहिली होती.

मग ती एकटीच मोठ्या दवाखान्यात गेली. घरी सांगितलं, पिकोचा दोरा आणायला जाते. तिथे एका तरुण डॉक्टरने पायाला तारा लावल्या, झटके दिले, कागदावर रेघा काढल्या. नसांचा आजार आहे, म्हणाला. हळूहळू वाढतो, यानं जीव जात नाही, पण पाय जातात आणि मग हात. पिढीतून येतो. घरात आणखी कोणाला होता का? उज्वला म्हणाली, नाही. त्याने पेन थांबवलं, तिच्याकडे पाहिलं. आई, वडील? नाही जी, कोणालेच नाही. मुलं आहेत? एक मुलगी. तिला घेऊन या, तो म्हणाला. दोनातल्या एकाला येऊ शकतो, आत्ताच कळलं तर व्यायाम आहे, बूट आहेत, पुष्कळ करता येतं. हो, आणते, असं म्हणून ती उठली. तो कागद आता शिवणाच्या चिंध्यांच्या गाठोड्यात होता, सगळ्यात खाली. चार महिने होता. खरं म्हणजे तो कागद अंकिताचा होता. तिच्या नावाने आलेली चिठ्ठी आईने फोडून वाचली आणि लपवली, असं ते होतं. उज्वलाला हे कळत होतं. कळणं आणि करणं यांच्यात माणसं आख्खी जिंदगी काढतात.

तिची आई, गोपिका, समुद्रपूरकडच्या एका गावात भाजीच्या वाडीत राबणारी. भेदरं, म्हणजे टमाटे, आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. चाळिशीत तिचे पाय फरफटायला लागले. मग हातातून भाकर सुटायला लागली. बोटं आत वळली, अंगठ्याजवळचं मांस खाली गेलं, जणू कोणी चमच्याने काढून नेलं. गावात कुजबुज झाली. उज्वलाला स्थळ आलं, पिपरीचं, मुलगा ओमप्रकाश, शहरात नोकरी. आणि तेव्हा बाप, रूपराव, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुपारी मशीनपुढे बसला. हे मशीन गोपिकाचं, तिच्या आंदणातलं. त्याने पान्याने दोन्ही बाजूंचे नट सैल केले, पायडल काढलं, अंगणात दगडावर ठेवलं आणि उज्वलाला म्हणाला, पकड. ती एकोणीस वर्षांची होती. तिने दोन्ही हातांनी पायडल धरलं. बापाने घण उचलला. पहिल्या घावाला नुसता आवाज झाला, तिच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसऱ्याला तडा. तिसऱ्याला पायडलाचे दोन तुकडे. माय ओट्यावर बसून पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नाही, लाज नाही. वांग्याला कीड लागली का पाहतात तशी ती पाहत होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा ते दोन तुकडे दारातच पोत्यावर मांडून ठेवले होते, सहज पडल्यासारखे. पायडल तुटलं, बाईच्या पायावर आलं, नस दबली. एवढं वाक्य. होणाऱ्या सासऱ्याने तुकडा हातात घेऊन पाहिला. ओमप्रकाशनेही घेतला, आणि जड हाये ना, असं म्हणाला. लग्न ठरलं. हिंगणघाटच्या एका वेल्डरकडून पितळ भरून पायडल जोडून आणलं आणि तेच मशीन उज्वलाच्या आंदणात आलं. आमच्याकडे मुलीला आंदणात भांडी देतात, कपाट देतात. तिला पुरावा दिला होता. आणि पुरावा इतका चांगला होता की पुढे घरातल्यांनाच तो खरा वाटायला लागला. भाऊ म्हणायचा, मायले पायडल लागलं ना. माय स्वतः म्हणायची. पायडल पायावर पडलं तर हाताची बोटं कशी वळतील, हे कोणी विचारलं नाही. एकाही माणसाने नाही. माय मेली तेव्हा तिला सुई उचलता येत नव्हती, नव्हे, ताटातला भात उचलता येत नव्हता, आणि दारात बसलेल्या बाया एकमेकींना सांगत होत्या की मशीनने खाल्लं गोपिकाले.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी अकराला बंडूजी आले. सत्तरीचे, सायकलवर मागे डब्बा बांधलेला, कानात बिडी खोचलेली पण ओढत नव्हते. समोरच्या खोलीत मशीनशेजारी पोतं अंथरून बसले. ओमप्रकाश जिलेबी आणायला गेला होता. अंकिता आत केस धूत होती. पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजाने उज्वलाला बरं वाटत होतं, कारण पाणी पडतंय तोवर चालण्याचा आवाज येत नाही.

बंडूजींनी चाकावरची चामड्याची वादी उतरवली. पायडलाला चाकाशी जोडणारी दांडी सोडवली. मग दोन्ही अंगाचे टोकदार बोल्ट, ज्यांच्यावर पायडल झुलतं, त्यांच्या नटांवर घासलेट सोडून वाट पाहत बसले. घाई नव्हती. घाई उज्वलाला होती. डावा नट सुटला, उजवा अडकला, त्यांनी पाना मारून त्याला हलकेच ठोकलं, म्हातारीच्या पाठीवर थोपटतात तसं. पायडल त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, बोटाने जोडावरून फिरवलं. काळ्या लोखंडातून पितळेची पिवळी रेघ आडवी गेली होती, इतक्या वर्षांच्या पायांनी घासून सोन्यासारखी झालेली.

"पायडलात काही नाई बाई," ते म्हणाले. "बोल्टाची टोकं थोडी घासली, ते मी फिरवून देतो. तेल देतो. बाकी चांगलं हाये."

"जोड सुटला असंन."

"हा जोड? हा आपण सगळे गेल्यावरही सुटत नाई. हिंगणघाटचा हात दिसते." त्यांनी पायडल तिच्याजवळ आणलं. "पण हे पाह्य. हे पडून तुटलं नाई. इथं, इथं आन् इथं, तीन घाव हायेत. कोणं मारलं होतं?"

बंडूजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. पन्नास वर्षं बायांचे पाय पायडलावर पाहिलेला माणूस. त्याला कागदाची, तारांची गरज नव्हती.

"उजवा," ते म्हणाले. विचारलं नाही.

आत पाणी बंद झालं. उज्वलाने आवाज खाली आणला. तिला स्वतःचाच आवाज बापासारखा वाटला, तोच कोरडा, हिशोबी. "बंडूजी, एक काम करा. जोडावर एक घाव घाला. पाहुण्यायले दिसू द्या. माह्या पायाले पायडल लागलं म्हणतो. चार दिवसानं पुन्हा जोडून घेऊ."

बंडूजींनी पायडल मांडीवर ठेवलं. कानातली बिडी काढली, पाहिली, परत खोचली. "बाई, मी मशीनी जोडतो," ते म्हणाले. "मले हे नका सांगू."

"मंग मी मारतो," ती म्हणाली.

"तुम्ही मारा. तुमची वस्तू हाये." मग, बोल्टाचं टोक फडक्याने पुसता पुसता, "मशीन मायचं ना हे, तिचाबी पाय असाच गेला असंन. कोणाले सांगितलं नव्हतं ना तुम्ही? पोरीलेबी नाई?"

मशीनवाला माणूस, याला काय करायचं आहे. तिला त्याचा संताप आला. पुरुषांना हे सोपं असतं, वस्तू हाये, तुम्ही मारा. यांना कोणी चालवून पाहिलं होतं का? गोऱ्हा घेताना त्याला बाजारात चालवून पाहतात, तसं उज्वलाला तिच्या सासूने चालवलं होतं, दारापासून भिंतीतल्या देवळीपर्यंत, आणि ती चालली होती, ताठ, एकोणीस वर्षांच्या शाबूत पायांनी. आता कोणी चालून दाखव म्हणत नाही. आता लोक शिकलेले आहेत. आता तीनदा पाणी मागतात.

आणि अंकिता. अंकिता चोवीस वर्षांची. बी.कॉम. झालेली, वर्ध्यात एका ऑफिसात कामाला. बघायला येणारा ऋतिक तिला आवडला होता, दोघं फोनवर बोलत होते, ती हसत होती, तो हसेल म्हणून आधीच हसत होती. लहानपणी ती धावण्यात शेवटी यायची. मास्तर म्हणायचे, आळशी. तिचा घोटा वर्षातून दोनदा मुरगळायचा. आंघोळ करून निघाली की फरशीवर तिची ओली पावलं उमटायची, टाच आणि बोटं, मधे काही नाही, मधला भाग जमिनीला टेकतच नव्हता. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, काय वो उज्वला, लक्ष्मीची पावलं हायेत पोट्टीची, नुसते कमानीसारखे तळवे. उज्वलाला केवढं बरं वाटायचं. ती त्या ओल्या ठशांवरून पाय न ठेवता कडेने जायची. दवाखान्यात त्या डॉक्टरने उज्वलाचाच तळवा हातात घेतला, म्हणाला, ही उंच कमान पाहिलीत? हे पहिलं लक्षण असतं. तेव्हापासून अंकिता आंघोळ करून निघाली की उज्वला लगेच फडकं घेऊन फरशी पुसत होती. अंकिता म्हणायची, आई, वाळते ना आपोआप. ती पुसतच राहायची.

बाहेर गाडी थांबली. ठरल्या वेळेच्या दोन तास आधी. ऋतिकच्या आईचा, लीलाबाईंचा आवाज आला, "जामवरून कोणाची गाडी येऊन राह्यली होती वर्ध्याले, म्हटलं चला, एस.टी.ची वाट कायले पाहाव." मागून ऋतिक, इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. आणि त्याच वेळी जिलेबी घेऊन ओमप्रकाशही आला. सगळे त्या एका खोलीत, आणि मधोमध पोत्यावर उघडं मशीन, वादी, दांडी, बोल्ट, तेलाची कुपी, आणि बंडूजींच्या मांडीवर पायडल. हाताशी वेळ असता तर उज्वलाने ते तोडलं असतं की नसतं, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. तोडायची गरजच पडली नाही. नुसतं सुटलेलं पायडल पुरेसं होतं.

बंडूजी उठायला लागले. "बसा ना जी, तुमचं काम चालू द्या," लीलाबाई म्हणाल्या. मोकळ्या बाई होत्या. हायवेवर नवऱ्याचं टायरचं दुकान नवरा गेल्यावर स्वतः चालवलेल्या, हातांवर काळे डाग कायमचे. उज्वलाला त्या आवडल्या, आणि हेच वाईट झालं. उज्वला खुर्ची पुढे करायला उठली, दोन पावलं चालली.

"पायाले काय झालं इहीनबाई?" लीलाबाईंनी विचारलं. आत्ताच विहीण करून टाकलं.

उज्वलाने तोंड उघडलं. आणि आतून, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली, नवं ब्लाउज अजून एका बाहीचं असल्याने जुनाच ड्रेस घातलेली अंकिता दारात आली आणि म्हणाली, "पायडल लागलं आईले. जुनं झालं ना ते. आजीलेबी तेच लागलं होतं."

तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने आईकडे पाहिलंही नाही. ती आईची लाज झाकत होती, एवढंच. ती प्रेमाने खोटं बोलत होती आणि तिला माहीतही नव्हतं की ती खोटं बोलते आहे.

"बाप्पा," लीलाबाई म्हणाल्या. "मंग हे मशीन पोरीच्या आंदणात नका देऊ. आमच्या इकडं दुसरं घेऊ." सगळे हसले. ऋतिक हसला, अंकिता त्याच्या आधी. ओमप्रकाश म्हणाला, "आमच्या सासऱ्याच्या घरी तुटलं होतं तेव्हा मी पाह्यलं ना, हातात घेतलं होतं. काय जड." आणि पुन्हा हसले.

"पोरी, पाणी आण बरं," लीलाबाई म्हणाल्या.

अंकिता वळली आणि आत गेली. फरशीवरून आठ पावलं. उज्वलाने ती मोजली नाहीत, ती ऐकली. टाच, पाऊल. टाच, पाऊल. चौथ्याला टाच, आणि पुढचा भाग किंचित उशिरा पडला. फडक्यासारखा नाही, अजून नाही. पोळी ताटात पडते तेवढा. खोलीत ऋतिक जिलेबीबद्दल काही बोलत होता. बंडूजींच्या हातातला पाना नटावर थांबला. त्यांनी मान वर केली नाही. पण पाना थांबला, आणि उज्वलाला कळलं की खोलीत ऐकणारी ती एकटी नाही, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या अंगणातही एकटी मायच ऐकत नसणार. सगळ्यांनी ऐकलं होतं. बापाने, भावाने, गावाने. सगळे मुद्दाम मोठ्याने बोलत होते.

अंकिता ट्रे घेऊन आली. पाच पेले, काठापर्यंत भरलेले. ती ते सांडू नये म्हणून पायांकडे न बघता पेल्यांकडे बघत चालत होती.

"माह्या मायले पायडल लागलं नव्हतं," उज्वला म्हणाली.

कोणालाच नीट ऐकू आलं नसेल असं वाटलं, म्हणून ती पुन्हा म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. नसांचा आजार होता. पाय गेले, मग हात गेले. पायडल बापानं घणानं तोडलं, मी धरलं होतं. आता मले आला. दवाखान्याचा कागद हाये, गाठोड्यात हाये, चार महिन्यापासून. पिढीतून येते म्हणते. दोनातल्या एकाले.

"काय बोलून राह्यली तू," ओमप्रकाश म्हणाला, अगदी हळू. त्याने जिलेबीची पुडी दोन्ही हातांनी धरली होती, जणू तीही कोणी तोडायला मागेल.

ऋतिकने खाली पाहिलं. मग लीलाबाईंनी. मग ओमप्रकाशने, ज्याने कधीच पाहिलं नव्हतं. खोलीतली सगळी माणसं अंकिताच्या पायांकडे बघत होती, आणि तेव्हा उज्वलाला कळलं की तिने काय केलं. हे सांगायचं होतं, पण इथे नाही. हे आधी तिला एकटीला सांगायचं होतं, दार लावून, तिचे पाय मांडीवर घेऊन. चार महिने होते. चार महिन्यांतला एक दिवस तिला सापडला नाही, आणि आज तिने ते परक्यांना सांगितलं, पोरीच्या हातात भरलेला ट्रे असताना. बापाने निदान नुसतं पायडलच तोडलं होतं.

अंकिताने ट्रे मशीनच्या फळीवर ठेवला. एकही पेला हिंदकळला नाही. टॉवेल सुटून खांद्यावर आला होता, तो तिने सावरला नाही. तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, एकाकडे, मग दुसऱ्याकडे, आपले नसल्यासारखे. मग तिने आईकडे पाहिलं. तिला शिव्या येत होत्या, ती देऊ शकली असती. रडू शकली असती. ती लहान असताना अंधारात जशी विचारायची तशी, अगदी साध्या आवाजात, तिने विचारलं, "आई, कोणता?"

उज्वलाला खूप बोलायचं होतं. व्यायाम, बूट, लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं.

"उजवा," ती म्हणाली. "आधी उजवा."